अंतर शून्य किलोमीटर

निवडुंगाला पाणी घालायला विसरा, उन्हात ठेवा, त्याच्यावर मांजर बसवा, तरी त्याला बुडातून पिल्लं फुटतच राहतात. आमच्या क्लबातल्या किश्शांचंही तसंच आहे. एक सांगायला बसावं तर त्याच्या खालून आणखी तीन निघतात. मैत्रिणी म्हणतात, "लिहून ठेव गं, नाहीतर विसरशील." विसरते कसली! यातले निम्मे किस्से माझ्याच चुकीनं घडलेत, आणि आपल्या चुका विसरायला मी काही पुढारी नाही.

आधी मी कोण ते सांगते. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तरुणपणी कानाला हेडफोन लावून "जोडून देते, लाइनवर राहा" एवढंच दिवसभर म्हणायचं. रिटायर झाल्यावर जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत मी निवडुंग लावले. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. अशा गावात निवडुंग हा छंद कमी आणि तडजोड जास्त असते.

मग मी 'काटेप्रेमी' नावाच्या ऑनलाइन क्लबात शिरले. अॅडमिन पुण्याचे, सदस्य राज्यभरातले. रोज फोटो टाकायचे, एकमेकांना वा वा म्हणायचं. पण फोटोतलं रोप हातात येत नाही. म्हणून अॅडमिननी 'जवळपास' नावाची योजना काढली. प्रत्येकानं फॉर्ममध्ये पत्ता भरायचा, कॉम्प्युटर सर्वांत जवळचा सदस्य शोधणार आणि जिल्ह्याचा समन्वयक दोघांना फोन करून त्यांची ओळख करून देणार. सोलापूर जिल्ह्यासाठी मी हात वर केला. लोकांना जोडून द्यायचं हे माझं जुनंच काम.

आमचे हे म्हणाले, "तेव्हा लोक तीन मिनिटांत फोन ठेवायचे तरी."

* * *

पहिल्याच आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं, "जुळे सोलापूर. पाच पिल्लं देणे आहे. आईपासून वेगळी करून आठ दिवस झाले. सावलीत सुकवलेली आहेत. जवळच्यांनी घेऊन जावीत."

निवडुंगाच्या बुडाला फुटलेल्या छोट्या गोळ्याला आम्ही पिल्लू म्हणतो आणि मोठ्या झाडाला आई. पिल्लू काढलं की त्याची जखम भरेपर्यंत आठ दिवस कोरडं ठेवायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सगळ्यांना म्हणजे क्लबातल्या सगळ्यांना. कुणीतरी तो मेसेज पुढं ढकलला आणि तो फिरत फिरत माळशिरस तालुक्यातल्या बिरदेव नावाच्या मेंढपाळाच्या फोनवर जाऊन पडला.

"मॅडम, पिल्लं हायती न्हवं?"

"आहेत ना."

"बोकडं हायती का पाटी?"

पाटी म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, हे मला नंतर कळलं; तेव्हा वाटलं, रोपाची जात विचारतोय. "मिश्र आहेत," मी म्हटलं.

"दूध पित्यात का आजून?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. "छे हो. मी पाणीसुद्धा देत नाही. आठ दिवस झाले, पेपरवर सुकत टाकलीत."

 तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमी शिकलेली माणसं. असं करू नगा. मी निघालोच."

दुपारी तो दारात हजर. खांद्यावर घोंगडं, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात दुधाची बाटली, तिला रबरी बोंडी लावलेली. मी त्याला गॅलरीत नेऊन लिंबाएवढी पाच पिल्लं दाखवली. तो त्यांच्यापुढं उकिडवा बसला. एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"ह्ये फड्या निवडुंगाच्या जातीचं हाय की."

"त्याचा लांबचा भाऊ म्हणा."

"मॅडम, माजा बाप फड्याला कुऱ्हाडीनं तोडून तोडून म्हातारा झाला. आन तुमी ह्येला घरात आणून सावली दिलीया."

चहा पिऊन जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून एक पिल्लू खिशात घालून गेला. महिन्यानं त्याचा फोन आला. "मॅडम, त्ये आजून जित्तं हाय. आता काय करू?"

तोवर मी त्याचा फॉर्म भरून टाकला होता.

* * *

एके दिवशी कॉम्प्युटरनं काढलेल्या यादीत एक चमत्कारिक ओळ आली. एका बाजूला मल्लिनाथ, पिठाच्या गिरणीचे मालक. दुसऱ्या बाजूला 'काटा किर्र' असं टोपणनाव घेतलेला एक रिक्षावाला. दोघांमधलं अंतर: शून्य किलोमीटर.

मला वाटलं, एकाच माणसानं दोनदा फॉर्म भरलाय. अॅडमिनना विचारलं तर ते म्हणाले, "फोन नंबर वेगळे आहेत. मशीन चुकत नाही."

मी उत्साहानं फोन लावला. "नमस्कार मल्लिनाथअण्णा. आनंदाची बातमी आहे. तुमच्या अगदी जवळ आपला एक सदस्य राहतो."

"किती जवळ?"

"पत्त्यावरून भिंतीपलीकडं वाटतंय."

"नाव काय त्येचं?"

"काटा किर्र."

"रिक्षा चालवतोय का?"

"हो. ओळखता का?"

"धाकटा भाऊ हाय माझा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मग धाकट्याला लावला. त्याचं खरं नाव सिद्धाराम. सगळं ऐकून तो म्हणाला, "मॅडम, दुसरं कायतर जवळचं बघा की."

"याच्याहून जवळचं कोण असणार?"

"अक्कलकोट चालंल."

हळूहळू दोघांकडून तुकडे तुकडे कळले. त्यांचे वडील, अप्पा, कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. त्यांनी तीस वर्षं एकच निवडुंग सांभाळला, तांबड्या काट्यांचा, गोल, फुटबॉलएवढा. त्याला कधी पिल्लू फुटलं नाही, म्हणून तो एकुलता एकच राहिला. अप्पा गेल्यावर घराची वाटणी करायला पंच बसले. भांडी वाटली, कपाटं वाटली, मध्ये भिंत घातली, आणि शेवटी ओट्यावर हे झाड उरलं. दोघांनाही तेच पाहिजे. पंचांनी बरंच डोकं खाजवून निकाल दिला: झाड थोरल्याला, कुंडी धाकट्याला.

सिद्धारामनं तिथल्या तिथं झाड उपटलं, फरशीवर ठेवलं आणि कुंडी काखोटीला मारून आपल्या दारातून आत गेला. तेव्हापासून सात वर्षं दोघांमध्ये शब्द नाही. थोरल्याच्या अंगणात अप्पांचं झाड हिरव्या प्लास्टिकच्या टबात उभं, धाकट्याच्या खिडकीत अप्पांची कुंडी रिकामी. दोन दारांमध्ये चार फुटांचं अंतर.

आणि तरी एकदा मल्लिनाथअण्णांचा फोन आला. "त्या काटा किर्रकडं पिवळ्या काट्याचं एक हाय. फोटो बघितला मी. एक पिल्लू मागून बघा. माझं नाव सांगू नका."

मी सिद्धारामला विचारलं.

"कुणाला पायजे?"

"एका सदस्याला."

"भिंतीपलीकडच्या?"

"ते मी सांगू शकत नाही."

"बरं, देतो. पर मी दिलं म्हणून सांगू नका."

सिद्धाराम रिक्षातून सहा किलोमीटर येऊन पिल्लू माझ्याकडं देऊन गेला. संध्याकाळी मल्लिनाथअण्णा स्कूटरवर सहा किलोमीटर येऊन ते घेऊन गेले. बारा किलोमीटरचा प्रवास करून पिल्लू चार फूट पलीकडं पोचलं. आमचे हे म्हणाले, "घराचं पोस्ट ऑफिस झालंय, फक्त शिक्का मारायचा राहिलाय."

मला मात्र हसू येईना. एक्स्चेंजमध्ये मी मुंबई जोडली, दिल्ली जोडली, एकदा दुबईसुद्धा जोडली. आणि इथं चार फुटांची लाइन जोडता येत नव्हती. सरळ सांगते, मला त्याचा फार त्रास व्हायचा. ते झाड आणि ती कुंडी एका ठिकाणी आलेली बघायचीच, असं माझ्या मनानं घेतलं.

* * *

त्याच भागात दोन गल्ल्या सोडून शेखकाका राहतात. रिटायर हवालदार, क्लबात नवीनच. त्यांना कलम करायला शिकायचं होतं. मी शेअर रिक्षात बसले होते तेव्हा त्यांचा फोन आला, आणि शिकवायची माझी हौस अशी, की मी तिथंच सुरू झाले.

"घाबरू नका शेखकाका. सुरी धारदार पाहिजे. स्पिरिटनं पुसून घ्या. मुंडकं एका झटक्यात उडवायचं, करकरत बसायचं नाही. मग दुसऱ्याचंही उडवायचं, आणि याचं मुंडकं त्याच्या मानेवर बसवायचं. खालचं धड? ते कचऱ्याच्या गाडीत टाकून द्या. कुणी विचारत नाही."

शेजारच्या बाईंनी पिशवी छातीशी घेतली आणि त्या अगदी कडेला सरकल्या. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता रिक्षा पोलीस चौकीसमोर नेऊन उभी केली.

आत एक तरुण पोलीस बसला होता. "काय प्रकार आहे, मॅडम?"

"काही नाही हो. कलम कसं लावायचं ते सांगत होते."

"कलम आम्ही लावतो, मॅडम."

माझा फोन अजून चालूच होता. त्यातून शेखकाकांचा आवाज आला, "साब, मैं रिटायर हवालदार शेख बोलरऊं. उनकू छोड दो. हमारी म्याडम है, मुंडी काटने में लई होशियार."

या शिफारशीमुळं मला तिथं आणखी अर्धा तास बसावं लागलं.

* * *

पावसाळ्यानंतर अॅडमिननी फर्मान काढलं, की प्रत्येक जिल्ह्यानं एकदा तरी प्रत्यक्ष भेटायचं. मी एक बाग ठरवली, रविवार ठरवला आणि मेसेज टाकला, "येताना आपल्याकडचं जास्तीचं काही असेल ते घेऊन यावं."

लगेच मल्लिनाथअण्णांचा फोन. "तो येणार असंल तर मी न्हाई." पाठोपाठ सिद्धारामचा. "ते येणार असतील तर मी न्हाई." मी थोरल्याला चार ते पाच दिले आणि धाकट्याला पाच ते सहा. लग्नाच्या कार्यालयातसुद्धा अशाच वेळा वाटतात, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पावणेपाचला बागेच्या दारात एक पिकअप येऊन उभा राहिला. मागं पार वरपर्यंत फड्या निवडुंग भरलेला. भाच्याचा पिकअप घेऊन बिरदेव माळशिरसहून आला होता.

"हे काय, बिरदेव?"

"जास्तीचं आणा म्हणलात की. माज्याकडं ह्येच लई हाय. आजून दोन गाड्या रानात हायती."

बागेचा वॉचमन म्हणाला, हे आत न्यायचं नाही. पिकअपमुळं दार अडलं, त्यामुळं आतल्यांना बाहेर पडता येईना आणि बाहेरच्यांना आत जाता येईना. पाच वाजले. सिद्धाराम आला. मल्लिनाथअण्णा आतच अडकलेले. गाडीच्या एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला तो.

बिरदेवला बिचाऱ्याला काय ठाऊक? तो वरून प्रत्येकाला एकेक फडं वाटत होता. या दोघांच्या हातात देताना म्हणाला, "भाऊभाऊ दिसताय की. नाक एकच हाय."

 सिद्धाराम हातातलं फडं वर धरून मोठ्यानं मला म्हणाला, "मॅडम, माझ्याकडं एक रिकामी कुंडी हाय. तितं लावतो हे."

मल्लिनाथअण्णांचा चेहरा उतरला. "मॅडम, त्याला सांगा, अप्पांच्या कुंडीत रानातला फड्या लावायचा न्हाई."

"मॅडम, त्यांना सांगा, कुंडी माझ्या वाटणीची हाय."

"मॅडम, त्याला सांगा, वाटणी कुंडीची झाली, अब्रूची न्हाई."

मी गाडीच्या टोकाशी उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगत होते. दोघांमध्ये फक्त गाडीच्या रुंदीएवढं अंतर होतं आणि दोघांनाही उत्तम ऐकू येत होतं. शेवटी सिद्धाराम ते फडं घेऊन गेला, आणि त्यानं खरोखरच ते अप्पांच्या कुंडीत लावलं.

* * *

आता माझी सर्वांत मोठी चूक. मल्लिनाथअण्णांच्या मुलीचं बाळंतपण विजापूरला होतं. दोघं नवरा-बायको पंधरा दिवस तिकडं जाणार होते. अण्णा मला म्हणाले, "मॅडम, अप्पांच्या झाडाकडं बघायला जवळचं कोणतर द्या."

"सर्वांत जवळचं म्हणाल तर..."

"त्येच्यानंतरचं."

त्येच्यानंतरचे शेखकाका. मी त्यांना फोन करून सांगितलं, "अंगणात हिरव्या टबात झाड आहे. वेळच्या वेळी पाणी घाला." वेळच्या वेळी म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा, हे सांगायला मी विसरले. शेखकाकांच्या घरी झाडांचं पाणी बायकोच बघायची, हेही मला ठाऊक नव्हतं. ज्या माणसानं सगळी नोकरी एक दिवस गैरहजर न राहता केली, त्याला मी वेळच्या वेळी म्हणाले.

शेखकाकांनी एक वही केली. सकाळी सात, एक तांब्या, सही. सायंकाळी सात, एक तांब्या, सही. नळ आला नाही त्या दिवशी त्यांनी आपल्या घरचं प्यायचं पाणी नेलं.

त्याच सुमारास ग्रुपवर एक नवल घडलं. काटा किर्र कधी कुणाला शुभ सकाळ म्हणायचा नाही. तो अचानक सुविचार टाकायला लागला. दुसऱ्या दिवशी गुलाबाच्या चित्रावर लिहिलं होतं, "अति पाणी, झाडाची हानी. शुभ सकाळ." त्याला खाली भरभरून नमस्कार आले.

पाचव्या दिवशी उगवत्या सूर्याचं चित्र. "जे दुसऱ्याच्या झाडाला दिवसातून दोनदा पाणी घालतात, त्यांनी विचार करावा. शुभ सकाळ." अॅडमिननी पुण्याहून लिहिलं, "वा, किती खोल अर्थ."

नवव्या दिवशी दोन हंस. "भिंतीला कान असतात, पण कधी कधी डोळेही असतात. हिरव्या टबाकडे बघा. शुभ सकाळ." त्याखाली खुद्द शेखकाकांनी लिहिलं, "बहुत खूब." आणि मी? मी फूल टाकलं.

सोळाव्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "मॅडम, अप्पांचं झाड बुडातनं गेलं."

मी तशीच निघाले. झाडाला बोट लावलं तर ते आत गेलं. शेखकाका वही घेऊन अंगणात उभे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी. "म्याडम, एक टाइम भी नागा नहीं किया," ते म्हणाले. त्यांना काय बोलायचं? चूक माझी होती. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिंतीपलीकडं सिद्धाराम रिक्षा पुसत होता. मी त्याला विचारलं, "तुम्हाला दिसत होतं ना सगळं? मग शेखकाकांना सांगितलं का नाही?"

"झाड त्यांच्या वाटणीत हाय. माझं काय चालतंय तितं?"

"आणि ते सुविचार?"

"ग्रुप सगळ्यांचा हाय," तो म्हणाला आणि पुन्हा काच पुसायला लागला. तीच काच तो मघापासून पुसत होता.

* * *

झाडाचा वरचा मूठभर भाग अजून कडक होता. तेवढा कापून त्याच दिवशी दुसऱ्या कशावर तरी कलम केला, तर अप्पांचं झाड वाचणार होतं. दुसऱ्या दिवशी तोही भाग गेला असता. कलमाला खाली मुळं धरलेलं, जाडजूड, दणकट झाड लागतं. माझ्याकडची सगळी अंगठ्याएवढी. "जवळ कुणाकडं हाय?" अण्णांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांनी भिंतीकडं बघितलं. बिरदेवच्या फड्यानं अप्पांच्या कुंडीत चांगली मुळं धरली होती. फडं दणकट झालं होतं आणि त्यावर दोन नवी फुटली होती.

मी सिद्धारामकडं गेले. तो म्हणाला, "त्यांनी मागायला पायजे."

अण्णा म्हणाले, "मी मागणार न्हाई."

"कुणीच मागू नका," मी म्हटलं. "मी मागते. मला द्या."

"तुमाला देतो की. पर कुंडी त्यांच्या घरात जाणार न्हाई."

"झाड त्याच्या घरात जाणार न्हाई," अण्णा आतून म्हणाले.

मग कुठं करायचं? रस्त्यावर. रस्त्यावर टेबल नव्हतं, रिक्षा होती. कुंडी मागच्या सीटच्या मधोमध ठेवली. अण्णा म्हणाले, "रिक्षा त्याची हाय." मी म्हटलं, "चाकं सरकारी रस्त्यावर आहेत." एवढ्यावर ते एका बाजूनं चढून बसले. दुसऱ्या बाजूनं सिद्धाराम. मध्ये अप्पांची कुंडी.

मी सुरी पुसली आणि वरचा भाग कापला. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. आतला गर पांढरा स्वच्छ निघाला. मग फड्याचा शेंडा कापला आणि तो तुकडा त्यावर बसवला.

"आता दोघांनी आपापल्या बाजूनं बोट ठेवून दाबून धरा. हललं तर जोड बसणार नाही."

दोघांनी धरलं. मी पिशवीत हात घातला. रबरबँडचा पुडा हाताला लागला. खरं म्हणजे यापुढचं काम दोन मिनिटांचं असतं. वरून घेऊन कुंडीखालून दोन मोठे रबरबँड अडकवले, की मग माणसाची गरज राहत नाही. मी हात तसाच रिकामा बाहेर काढला.

"किती वेळ धरायचं?" सिद्धारामनं विचारलं.

"चीक सुकेपर्यंत."

"म्हंजी?"

"दोन तास."

खोटं बोलताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. मी अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसले. वहिनींनी मला चहा आणून दिला, थोडा विचार केला आणि आणखी दोन कप रिक्षात नेऊन दिले. दोघांचा एकेक हात मोकळा होताच.

अर्धा तास कुणी बोललं नाही. मग अण्णांचा आवाज आला. "मॅडम, त्याला सांगा, त्याचा हात हालतोय."

"मी चहा पितेय," मी म्हटलं.

पुन्हा थोडा वेळ गेला.

"हात हालतोय तुझा."

"माझा न्हाई. तुझा."

एक म्हातारी बाई दोन पिशव्या घेऊन आली आणि रिक्षात वाकून म्हणाली, "स्टँडला येणार का?"

"न्हाई मावशी. भाडं हाय," सिद्धाराम म्हणाला.

तिनं दोघांकडं बघितलं, मधल्या काट्यांकडं बघितलं. "कुटं निघालाय?"

"कुटंच न्हाई," अण्णा म्हणाले.

ती गेल्यावर आत भांडण सुरू झालं. मला सगळं ऐकू येत नव्हतं. "तू त्येला फरशीवर टाकलास," एवढं ऐकू आलं. "मग कुंडी का नेऊ दिलास मला?" हे ऐकू आलं. अप्पांचं नाव दोन-तीनदा आलं. आवाज चढत होते, पण मला कुणी "मॅडम, त्याला सांगा" म्हणत नव्हतं. मी दुसरा चहा मागितला.

दोन तासांनी मी "अरे, पिशवीत सापडले की" म्हणत रबरबँड काढले आणि बांधून दिले. कुंडी कुणाच्या घरात ठेवायची याचा निकाल काही लागेना, म्हणून ती त्या दिवशी रिक्षातच राहिली. दोघं आपापल्या दारातून आत गेले. जाताना एकानंही दुसऱ्याकडं बघितलं नाही.

आठ दिवसांनी अण्णांचा फोन आला.

"मॅडम, कलम धरलंय. टवटवीत हाय."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. "फार बरं झालं, अण्णा."

"व्हय," ते म्हणाले. "मॅडम, काल शेखकाका आलते. ते म्हणाले, रबरबँड लावलं की हे दोन मिनटाचं काम हाय. धरून बसायला लागत न्हाई."

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला. 

पलीकडून फोनजवळ कुणाचा तरी दबका आवाज आला, आणि अण्णांनी तोंड बाजूला करून "थांब की, सांगतोय न्हवं," असं म्हटलेलं मला ऐकू आलं.

"मॅडम, सिद्धाराम म्हणतोय, त्याच्याकडचं आणखी एक हाय, कलम करायचं. ऐतवारी येता का?"

"येते की."

"बरं," अण्णा म्हणाले. "येताना रबरबँड आणू नका."